राजाने रेनपाला हटवलंच नसतं तर?

‘किंग्डम’ वाचणारे दोघं भेटले की थोड्याच वेळात सामने लावायला सुरुवात होते. ओकी विरुद्ध रिबोकू, पण मध्ये होकेन नाही. तरुणपणचा रेनपा विरुद्ध मोबू. यासुहिसा हारा यांची ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, २००६ पासून ‘यंग जंप’ या जपानी साप्ताहिकात चालू आहे, २०१३ मध्ये तिला तेझुका ओसामु सांस्कृतिक पुरस्कार मिळाला, आणि तिच्यात सेनापतींची एवढी गर्दी आहे की जोड्या लावणाऱ्याला जन्म पुरायचा नाही. काळ इ.स.पू. तिसऱ्या शतकाचा, जागा चीन, सात राज्यं एकमेकांच्या उरावर बसलेली.

या वादांतले बहुतेक फुकट जातात. खेळपट्टी कुठली, पहिला दिवस की पाचवा, हे न सांगताच अमका फलंदाज भारी की तमका गोलंदाज म्हणून भांडावं, तसं ते असतं. त्यात मांगाच्या अधिकृत मार्गदर्शिकांनी सेनापतींना बळ, नेतृत्व, बुद्धी असे गुण वाटून ठेवलेत, त्यामुळे पुष्कळदा गाडी गुणपत्रिका जुळवण्यापलीकडे जातच नाही. याचे ९४, त्याचे ९३, चला, निकाल लागला.

एक सामना मात्र सोडवून बघण्यासारखा आहे. झाओ राज्याचा सेनापती रेनपा विरुद्ध छिन राज्याचा सेनापती हाकुकी, चोहेइच्या मैदानात. तो पूर्ण काल्पनिक नाही, हीच त्याची गंमत. मैदान ठरलेलं होतं, साल ठरलेलं होतं, एक मल्ल आखाड्यात उतरून उभा होता. ऐनवेळी त्याच्या राजाने त्याला बाहेर काढलं आणि दुसऱ्याला उतरवलं. मांगा सुरू होते इ.स.पू. २४५ मध्ये. तोवर हाकुकी मरून बारा वर्षं झालेली असतात, त्यामुळे तो आपल्याला इतरांच्या आठवणींतूनच भेटतो. रेनपा मात्र पुढे सान्योच्या मोहिमेत हाडामांसाचा समोर येतो, म्हातारा, धिप्पाड, अजून भूक न भागलेला. म्हणजे वाद घालायला एका बाजूला रंगवलेला माणूस आहे आणि दुसऱ्या बाजूला नुसती कीर्ती. हाकुकीला फुकटचे गुण मिळतात ते इथेच.

नावांचं एकदा सांगून टाकतो. मांगातले सेनापती जपानी उच्चाराने ओळखीचे आहेत, म्हणून तेच ठेवतो. रेनपा म्हणजे इतिहासातला लियान पो, हाकुकी म्हणजे बाई ची, चोहेइ म्हणजे चांगपिंग. आजच्या शान्शी प्रांतात गाओपिंग गाव आहे, तोच हा मुलूख. राज्यांची नावं चिनी: छिन, झाओ, हान वगैरे.

अट एकच

वाद सुरू करण्याआधी आम्ही एक अट घालून घेतली, नाहीतर तासाभरात कोणीतरी हाकुकीच्या समोर हत्ती आणून उभे करतो. बदलायची ती एकच गोष्ट: झाओच्या राजाने इ.स.पू. २६० मध्ये रेनपाला हटवलं नाही. बाकी धान्य, डोंगर, ऋतू, शेजारी, दोन्हीकडचे दरबार सगळं जसंच्या तसं. या एका बदलामुळे आणखी काही आपोआप बदलत असेल तर तेवढं बदलू द्यायचं. ही पुस्ती फार महत्त्वाची ठरली, ती का ते पुढे येईल.

खरं काय घडलं

इ.स.पू. २६२ मध्ये छिनने हान राज्याचं येवांग घेतलं. त्यामुळे शांगदांग हा हानचा उत्तरेकडचा डोंगराळ प्रांत राजधानीपासून तुटला. हानचा दरबार तो छिनला देऊन मोकळा व्हायला तयार होता, पण तिथल्या सुभेदाराने, फेंग तिंगने, सतरा गावं परस्पर झाओच्या पदरात टाकली. कष्ट छिनने करायचे आणि फळ आपण खायचं, हे पचायचं नाही, असं झाओच्या दरबारात एकाने बजावलंही होतं. राजा श्याओचेंगला मोह आवरला नाही.

छिनचं सैन्य आलं ते हाकुकीच्या हाताखाली नव्हे, वांग हेच्या हाताखाली. मांगात हा ओकोत्सु, हाकुकीसारखाच छिनच्या सहा महासेनापतींपैकी एक. झाओकडून रेनपा. त्याचा भरवशाचा काळ तेव्हा सरत चालला होता. झाओच्या तिघा महान सेनापतींपैकी चोशा वारलेला, रिन शोजो अंथरुणाला खिळलेला.

रेनपाची सुरुवात काही दिमाखदार नव्हती, हे त्याचे चाहते सोयीस्करपणे विसरतात. चौथ्या महिन्यात त्याचा एक उपसेनापती मारला गेला. सहाव्या महिन्यात दोन ठाणी आणि चार अधिकारी गेले. सातव्यात पश्चिमेची तटबंदी पडली. त्यानंतर त्याने ठरवलं, बाहेर पडायचं नाही. तट उभारायचे, मागे बसायचं, छिनने रोज येऊन शिव्या दिल्या तरी दार उघडायचं नाही.

राजाला हे पटेना. सैन्य मरतंय, ठाणी जातायत आणि आपला सेनापती भिंतीआड बसलाय. याच सुमारास छिनचा महामंत्री फान जू याने सोन्याच्या थैल्या मोकळ्या सोडून झाओत हूल उठवली: छिनला भीती आहे ती फक्त चोशाच्या पोराची, रेनपा काय, तो तर शरण यायच्याच बेतात आहे. राजा फसला. चोशाचा मुलगा चोकात्सु याच्या हाती सैन्य गेलं. खुद्द त्याच्या आईने राजाला लिहून कळवलं होतं की याला पाठवू नका. आजारी रिन शोजोनेही सांगून पाहिलं, पोराने बापाची पुस्तकं वाचलीत, प्रसंग बघून बदलणं त्याला ठाऊक नाही.

नवा सेनापती आल्याचं कळताच छिनने गुपचूप हाकुकीला मुख्य सेनापती केलं आणि वांग हेला त्याच्या हाताखाली दिलं. हे नाव फोडेल त्याचं मुंडकं उडेल, असा हुकूम होता. चोकात्सु तटाबाहेर पडला. छिनची फळी हरल्यासारखं करून मागे सरकली आणि तो पाठलाग करत थेट छिनच्या तटबंदीपर्यंत जाऊन आदळला. तोवर हाकुकीच्या २५,००० च्या तुकडीने झाओची पिछाडी कापली होती आणि ५,००० घोडेस्वारांनी बाहेर पडलेलं सैन्य आणि मागचा तळ यांच्यात पाचर मारली होती. छिनचा राजा, म्हणजे मांगातला छिनचा तरुण राजा सेइ याचा पणजोबा, स्वतः हेनेइ प्रांतात गेला, लोकांना एकेक पायरी बढती दिली, पंधरा वर्षांवरचे सगळे पुरुष चोहेइकडे धाडले आणि झाओची कुमक आणि धान्याच्या वाटा बंद केल्या. ४६ दिवस आत अन्न नाही. माणसं माणसांना खाऊ लागली. चोकात्सुने चार-पाच वेळा फोडून निघायचा प्रयत्न केला, शेवटी बाणांनी मेला. सैन्य शरण आलं. हाकुकीने त्यांना मारून टाकलं, कोवळी २४० पोरं तेवढी परत पाठवली.

सिमा छ्यानच्या इतिहासग्रंथात मेलेल्यांचा आकडा चार लाखांच्या पुढे आहे. तो जसाच्या तसा गिळायला अभ्यासक तयार नाहीत, आणि ते रास्त आहे. पण गोष्ट नुसती दंतकथा नाही. १९९५ मध्ये गाओपिंगजवळच्या योंगलू गावी एका खड्ड्यात सुमारे १३० जणांचे सांगाडे सापडले, आणि हाडांवर घाव होते. तेव्हा लाख म्हणा, चार लाख म्हणा, कत्तल झाली होती.

दोन पक्ष

रेनपा-पक्षाचं म्हणणं सरळ आहे. हाकुकीचा अख्खा डाव शत्रू बाहेर येण्यावर उभा. रेनपा बाहेर येतच नाही. मग खोटी माघार घेऊन हाकुकी कोणाला फसवणार? राहिली ती २५,००० ची तुकडी. पण ती पिछाडीला जिवंत राहिली, कारण झाओचं मुख्य सैन्य पुढे जाऊन अडकलं होतं. सैन्य तटाआड जागच्या जागी असतं, हाताशी राखीव दल असतं, तर एवढी तुकडी मागे उतरली म्हणजे आपल्या पायाने कोंडवाड्यात आली. हा मुद्दा मला बिनतोड वाटतो.

हाकुकी-पक्ष म्हणतो, एका डावावरून माणूस मोजू नका. इ.स.पू. २९३ मध्ये यीच्वेला हान आणि वेई दोघांच्या सैन्याला त्याने तुडवलं, तेव्हाचा आकडा २,४०,०००. इ.स.पू. २७९ मध्ये छू राज्याचं यान शहर पाणी सोडून बुडवलं, पुढच्याच वर्षी छूची राजधानी घेतली. म्हणजे समोरचा बाहेर आला तर एक उपाय, भिंतीआड बसला तर दुसरा. चोहेइच्या दरीतून दान नदी वाहतेच आहे.

इथे आमच्यातला एकजण, जो एरवी रेनपाचा कट्टर भक्त, गप्प झाला. पाण्याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. मला मात्र ते पाणी फार दिवस टिकणारं वाटत नाही. यान हे एक शहर होतं, चारी बाजूंनी वेढून बसता येईल असं. चोहेइला रेनपाच्या रांगा डोंगरकडेने पसरलेल्या होत्या. दरीत पाणी सोडून डोंगरावरची माणसं बुडत नाहीत.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती अटीच्या त्या पुस्तीतून निघते. हाकुकीला पाठवलं कधी? चोकात्सु आल्याचं कळल्यावर. रेनपा जागेवर राहिला असता तर हाकुकी आलाच असता, याला आधार काय? वांग हे महिनोन्‌महिने भिंतींवर डोकं आपटत होता, तरी छिनने सेनापती बदलला नव्हता. त्यांनी सोनं खर्चून आधी समोरचा माणूस बदलून घेतला आणि मग आपला हुकमी एक्का काढला. राजाने रेनपाला ठेवलं की सामन्यातून हाकुकीच नाहीसा होतो. इथेच या वादाचं घोडं पेंड खातं. दोघांची गाठ पडू नये अशी व्यवस्था एका बाजूने पैसे मोजून केली होती, आणि ती बाजू हाकुकीची होती. छिनच्या दरबाराने या सामन्याचा अंदाज बांधून टाकला होता आणि तो रेनपाच्या बाजूने होता, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

राळ्याचा हिशेब

तरी म्हणू, हाकुकी आला. छिनच्या राजाचा धीर सुटला आणि त्याने हाकुकीला पाठवलं. मग पुढे काय?

आता सेनापती थोडे बाजूला ठेवून गाड्या मोजू. उत्तर चीनच्या त्या भागात सैनिकाचं मुख्य धान्य राळा. माणशी दिवसाला एक किलो धरा. सैन्य चार लाखांचं मानलं तर रोज ४०० टन. एका बैलगाडीत अर्धा टन, म्हणजे रोज ८०० गाड्या तळावर पोचायला हव्यात. झाओची राजधानी हानदान ते चोहेइ हे अंतर सरळ रेषेत पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, पण मध्ये ताइहांगचे डोंगर, तेव्हा वाट अडीचशेची धरू. घाटात भरली गाडी दिवसाला पंधरा किलोमीटर गेली तरी पुष्कळ. जायला सोळा-सतरा दिवस, रिकामी गाडी परतायला बारा-तेरा. महिन्याची फेरी. म्हणजे एका वेळी रस्त्यावर २४,००० गाड्या आणि ४८,००० बैल, गाडीवानांची आणि बैलांची पोटं वेगळी. सैन्य निम्मं धरा, तरी १२,००० गाड्या. हे माझं गणित आहे, कुठल्या बखरीतलं नाही. पण आकडा इकडेतिकडे झाला तरी चित्र बदलत नाही. रेनपा हातावर हात धरून बसला होता तेव्हा त्याच्या मागे एक अख्खं राज्य रस्त्यावर हाकलं जात होतं.

छिनची राजधानी सरळ रेषेत चारशे किलोमीटरच्या पुढे. त्यांची वाट दुपटीहून लांब. पण छिनकडे पाणी होतं. येवांग घेतल्याने छिन नावाच्याच नदीच्या काठचं ठाणं त्यांच्या हाती होतं आणि खाली पिवळी नदी. नावेत टाकलेलं धान्य बैल खात नाही. झाओच्या ज्या दरबाऱ्याने शांगदांग घेऊ नका म्हणून सांगितलं, त्याचा एक मुद्दा नेमका हाच होता की छिन बैलाने नांगरतो आणि धान्य पाण्यावरून आणतो, त्याच्याशी लढू नये. झाओने पुढे छी राज्याकडे धान्य मागितलंही. तिथल्या एका सल्लागाराने राजाला परोपरीने समजावलं की ओठ गेले की दात उघडे पडतात, झाओ पडला तर उद्या आपली पाळी आहे. छीने धान्य दिलं नाही.

हे मांगात फारसं दिसत नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. झाओच्या ग्यो शहरावरच्या मोहिमेत धान्यावरच तर सगळा खेळ चालतो. पण तिथे धान्य हे छिनचा सेनापती ओसेन याच्या कपटाचा भाग म्हणून येतं. चोहेइला ते कोणाचं कपट नव्हतं. रेनपाने कितीही अक्कल चालवली असती तरी ताइहांगचा घाट सपाट होणार नव्हता.

मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. पानिपतावर ‘भाऊंनी गनिमी कावा केला असता तर’ हा वाद आपण पिढ्यान्‌पिढ्या घालतोय, आणि त्या वादात गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेल्यावर धान्याचं काय झालं, हे निघेपर्यंत चहा संपलेला असतो. भाऊही शेवटी उपाशी सैन्य घेऊनच बाहेर पडले.

तेव्हा रेनपाचा बेत ‘बसून राहू, छिन कंटाळून जाईल’ एवढाच असेल, तर माझ्या मते तो तोट्याचा होता. आधी कोण उपाशी पडणार, या प्रश्नाचं उत्तर नकाशावर लिहिलेलं आहे. त्याच्या चाहत्यांना हे ऐकवत नाही.

हाकुकीची स्वतःची साक्ष

दुसरीकडे हाकुकीनेच आपल्या चाहत्यांची पंचाईत करून ठेवली आहे. चोहेइनंतर त्याला लगेच हानदानवर जायचं होतं. दरबाराने थांबवलं. झाओला श्वास घ्यायला मिळाला, आणि नंतर छिनच्याच राजाने हाकुकीला सांगितलं, आता जा आणि हानदान घे. त्याने नकार दिला. त्याचं म्हणणं असं होतं की चोहेइ आपण जिंकलं खरं, पण आपलेही निम्म्याहून जास्त सैनिक मेले, देश रिकामा आहे. डोंगर-नद्या ओलांडून दुसऱ्याच्या राजधानीवर जायचं, आतून झाओ आणि बाहेरून इतर राज्यं आली की आपण संपलो. राजाने विनवलं, फान जू येऊन गेला, हा आजाराचं निमित्त करून पडून राहिला. वांग हे गेला आणि हात हलवत परत आला. इ.स.पू. २५७ मध्ये राजाने हाकुकीकडे तलवार पाठवली आणि त्याने ती स्वतःवर चालवली.

सापळ्यात सापडलेलं सैन्य संपवतानाच निम्मे सैनिक गमावले, असं ज्याने स्वतः सांगितलं, तो तटाआड सावध बसलेल्या रेनपावर समोरून धावून गेला असता का? मला नाही वाटत. त्याचा लौकिक रक्ताचा आहे, पण डोकं हिशेबनिसाचं. तोही थांबला असता. दोघेही थांबले असते, आणि या काल्पनिक लढाईचे पहिले दोन-तीन महिने मांगात चितारायचे तर एक अंक पुरला असता.

सान्योची मोहीम या नजरेने पुन्हा वाचावी. तिथे रेनपा वेईकडून लढतो आणि समोर असतो मोगो, ज्याला कोणी अलौकिक म्हणणार नाही असा छिनचा म्हातारा सेनापती. तो चमकत नाही. पाय रोवून उभा राहतो, डावा हात गमावतो तरी हलत नाही, आणि आजूबाजूला ओसेन आणि कानकी हे सेनापती आणि मांगाचा नायक शिन आपापली कामं उरकत राहतात. रेनपाच्या सरदारांपैकी गेन्पोला कानकी मारतो, रिन्कोला शिन. इतिहासग्रंथांत छिनने वेईची वीस शहरं घेतल्याची नोंद आहे, तिथे रेनपाचं नाव नाही. हा सामना हारांनी रचलेला आहे. पण त्यांनी तो कसा रचला बघा. चोहेइला रेनपाने जी भूमिका घेतली होती, न हलणाऱ्या माणसाची, ती त्यांनी त्याच्या शत्रूला दिली आणि त्याच भूमिकेपुढे रेनपाला थांबायला लावलं. मांगातला रेनपा बळ आणि बुद्धी दोन्हीचा पुतळा आहे, पुढे झेपावणारा. चोहेइचा लियान पो बसून राहणारा. वाद घालणारे बहुतेक वेळा पहिल्याला चोहेइला उभा करतात आणि मग तो हाकुकीवर चालून जातो वगैरे रंगवतात. अहो, तो चालून गेला असता तर चोकात्सुत आणि त्याच्यात फरक काय राहिला?

निकाल

माझा निकाल असा. रेनपा जागेवर राहतो. हिवाळा येतो. झाओच्या गाड्या कमी कमी होत जातात. राजा तहाचं बोलणं लावतो; खरोखरही त्याने दूत पाठवला होता आणि छिनने त्या दूताला मिरवून इतर राज्यांना दाखवलं की बघा, हे तर आमच्याशी जुळवून घेतायत, तुम्ही कशाला मदत पाठवता. म्हणजे बाहेरून कुमक नाही. रेनपाला शांगदांग सोडून मागे यावं लागतं. प्रांत छिनला मिळतो, आणि गुण मोजणाऱ्यांच्या वहीत हा सरळ हाकुकीचा विजय.

पण सैन्याचा मोठा भाग परत घरी येतो. इ.स.पू. २५१ मध्ये झाओत आता तरणी माणसंच उरली नाहीत, अशा समजुतीने यान राज्य चालून आलं, तेव्हा जे मोजके उरले होते त्यांच्या जोरावर रेनपाने यानला धूळ चारली आणि उलट त्यांच्याच राजधानीला वेढा घातला. याच माणसाच्या हाती आणखी दोन-तीन लाख असते तर, हा विचार हाकुकी-पक्षाने एकदा करून बघावा. हरूनही शिल्लक ठेवणारा आणि जिंकूनही निम्मे घालवणारा, यात वरचढ कोण हे तुम्ही वर्षाच्या शेवटी मोजता की दहा वर्षांनी, यावर ठरेल. मी दहा वर्षांनी मोजणाऱ्यांतला.

या बदलाचा एक धक्का मांगाच्या पायालाही बसतो. सेइचा जन्म इ.स.पू. २५९ चा, चोहेइच्या पुढच्या वर्षीचा, आणि तो झाला हानदानमध्ये. त्याचा बाप तिथे ओलीस होता. ज्या शहरातल्या घराघरातला कोणी ना कोणी चोहेइला मेला, त्या शहरात छिनचं पोर वाढलं. त्याने खाल्लेला मार, जिभेची मेलेली चव, त्याला तिथून सोडवणारी व्यापारी बाई शिका, सगळं त्या कत्तलीतून आलेलं. पुढे सूड म्हणून माणसं मारत सुटलेला झाओचा सेनापती मांगोकूही त्यातूनच आलेला. रेनपाला ठेवा, आणि सातही राज्यं एक करून युद्धच संपवायला निघालेला राजा त्या शहरात वेगळाच कोणीतरी म्हणून वाढतो. पुढच्या शिनच्या गोष्टीचं काय होतं, यात मी शिरत नाही.

मग दोघांची गाठ पडतच नाही का? पडते, एका जागी. रेनपा मागे निघतो तेव्हा. लाखोंचं सैन्य, उरलेल्या गाड्या, जखमी, हे सगळं ताइहांगच्या अरुंद खिंडींतून हानदानकडे उतरवायचं आणि पाठीवर हाकुकी. तटाआडच्या माणसावर जो हात टाकत नव्हता, तो खिंडीत शिरलेल्या शेपटीवर नक्की टाकणार. त्याची ती ५,००० घोड्यांची तुकडी याच कामाची. इथे मी हाकुकीला झुकतं माप देतो; शेपटीचा एक लचका तो तोडतोच, आणि तो लचका लहान नसतो. रेनपाच्या हातात फक्त एवढं उरतं की कधी निघायचं हे त्याने ठरवायचं, आणि पिछाडी कोणाच्या हाती द्यायची. निघायचं ते धान्य संपायच्या महिनाभर आधी, रात्रीचे दिवे तसेच जळते ठेवून, यावर आमचं एकमत झालं. पिछाडीला मी रेनपाचा सरदार क्योएन ठेवीन, कारण सान्योत ओसेनसमोर उभं राहूनही त्याचं डोकं शाबूत होतं. दुसरा पक्ष कैशिबो या त्याच्या दुसऱ्या सरदारावर अडून बसलाय.